कोरियन टीव्हीवाले यूट्यूबवर राहायला गेले, त्याबद्दल

तनू_तळेगाव

कोरियन मालिकांवर इथे धाग्यांची कमी नाही. कोणता हिरो, कोणाचं लग्न, शेवट का रडका केला. मला मालिकांबद्दल बोलायचंच नाहीये. मला त्यांच्या व्हरायटी शोंबद्दल बोलायचंय. पाच-सहा सेलिब्रिटी गोळा करायचे, कुठल्यातरी खेड्यात न्यायचे, उपाशी ठेवायचे, पळवायचे, एकमेकांची उणीदुणी काढायला लावायची आणि त्यातून तास-दीड तास हसवायचं. हे शो बनवणारी माणसं गेल्या दहा वर्षांत टीव्हीवरून उठून यूट्यूबवर गेली, आणि मजा म्हणजे त्यांच्या मागोमाग चॅनेलंही गेली.

नवख्यांसाठी थोडक्यात नकाशा: केबीएस, एमबीसी, एसबीएस ही तीन जुनी मोठी चॅनेलं. केबीएस सार्वजनिक, टीव्ही असलेल्या घरामागे महिना २,५०० वॉन शुल्क घेतं, आणि हा आकडा १९८१ पासून हललेला नाही. एसबीएस खासगी, १९९१ चं. केबलवरचं टीव्हीएन २००६ चं. आणि १ डिसेंबर २०११ ला वर्तमानपत्रांच्या घराण्यांनी एकाच दिवशी चार चॅनेलं काढली, त्यातलं जेटीबीसी बहुतेकांना ऐकून माहीत असेल.

आपल्याकडे शो म्हटलं की सूत्रसंचालक आठवतो. तिथे प्रेक्षक पीडीच्या नावाने शो बघतात. पीडी म्हणजे निर्माता-दिग्दर्शक एकाच माणसात. एमबीसीवर २००५ ते २०१८ चाललेला 'इन्फिनिट चॅलेंज' जितका यू जे-सॉक या सूत्रसंचालकाचा तितकाच किम ते-हो या पीडीचा. केबीएसच्या 'टू डेज वन नाईट'मध्ये (२००७) ना यॉन्ग-सॉक हा पीडी कॅमेऱ्यामागून ओरडायचा, "नाही चालणार!" हरलेल्यांनी रात्रीचं जेवायचं नाही आणि बाहेर थंडीत झोपायचं, हा नियम. मोठमोठे गायक-नट त्याच्या विनवण्या करताहेत आणि हा पठ्ठ्या ढिम्म. प्रेक्षकांना त्याचा आवाज आधी ओळखीचा झाला, चेहरा नंतर.

हाच ना यॉन्ग-सॉक पुढे केबीएस सोडून टीव्हीएनच्या कंपनीत गेला. २०१९ मध्ये त्याने एक शो असा काढला की टीव्हीवर पाच मिनिटं आणि बाकीचं सगळं यूट्यूबवर. शोमधल्या दोघांना आइसलँडला पाठवलं होतं. त्याच्या भरात तो बोलून गेला की चॅनेलचे दहा लाख सबस्क्रायबर झाले तर दोघांना चंद्रावर पाठवीन. झाले की दहा लाख! मग साहेबांनी लाइव्ह येऊन हात जोडले की बाबांनो, अनसबस्क्राइब करा, एवढे पैसे नाहीत आमच्याकडे. आणि लोकांनी खरंच केलं, आकडा दहा लाखांच्या खाली आणून दिला. सबस्क्रायबर कमी करा म्हणून भीक मागणारा जगातला हा एकमेव चॅनेलवाला असावा.

माझं म्हणणं एवढंच की यांचं कसब चॅनेलमध्ये नव्हतंच. ते पीडी, लेखिका आणि एडिटिंगच्या खोलीत होतं, म्हणून ते उचलून दुसरीकडे नेता आलं. तुमचं मत?

खवट_काका

शीर्षक वाचून वाटलं टीव्ही फुकटात बघायची सोय सांगताय. एक शंका. नात बघत असते ते मी पाहिलंय. माणूस एक वाक्य बोलतो आणि स्क्रीनवर चार रंगांत चाळीस अक्षरं नाचतात. बोललेलंच परत लिहून दाखवायला प्रेक्षक काय बहिरे आहेत?

तनू_तळेगाव

काका, बोललेलं लिहीत नाहीत, तिथेच तर गंमत आहे! समजा एक जण गप्प बसून दुसऱ्याच्या रामेनच्या भांड्याकडे बघतोय. बोलत काहीच नाही. पडद्यावर त्याच्या डोळ्यांपासून भांड्यापर्यंत तुटक रेघ येते, खाली शेरा येतो, "सकाळी 'मला भूक नाही' म्हणालेले गृहस्थ". मग तोच क्षण तीन कोनांतून तीनदा, आणि मागे पोटात कावळे ओरडल्याचा आवाज. ती अक्षरं म्हणजे वेगळं पात्रच आहे, खवचट शेजाऱ्याचं. 😄 एमबीसीचा पीडी किम यॉन्ग-ही याने नव्वदच्या दशकात जपानी शो पाहून हे कोरियात आणलं असं तिथे सांगतात. पुढे ते इतकं भिनलं की आता यूट्यूबवर घरच्या घरी व्हिडिओ करणारी पोरंही तसंच एडिट करतात.

खवट_काका

खवचट शेजारी आम्हाला फुकटात आहे. पण ठीक, पुढे लिहा.

सुवॉनचा_शंतनू

तनू, झकास धागा. इथे राहून बघितलेली एक गोष्ट टाकतो. सोलमध्ये जोंगनो भागात तापगोल पार्क आहे, म्हाताऱ्या माणसांचा अड्डा. २०१९ मध्ये एसबीएसने नव्वदच्या दशकातल्या गाण्यांच्या कार्यक्रमाचे जुने भाग यूट्यूबवर चोवीस तास लाइव्ह सोडून दिले. खाली चॅटमध्ये तिशी-चाळिशीतले लोक जमायला लागले, "हा ड्रेस माझ्याकडे होता", "ही आता कुठे असते?" वगैरे. नाव पडलं 'ऑनलाइन तापगोल पार्क'.

त्यातून यांग जून-इल नावाचा गायक सापडला. नव्वदच्या सुरुवातीला आलेला, तेव्हा लोकांनी नाकं मुरडली होती. चॅटवाल्यांना तो काळाच्या तीस वर्षं पुढचा वाटला. डिसेंबर २०१९ मध्ये जेटीबीसीने त्याला कार्यक्रमात बोलावलं तेव्हा तो अमेरिकेत, फ्लोरिडात, एका हॉटेलात वेटरचं काम करत होता. काही आठवड्यांत तो जाहिरातींत दिसायला लागला.

आणि हीच चॅनेलं त्याच्या पाच वर्षं आधी यूट्यूबला शत्रू समजत होती! २०१४ च्या अखेरीला एमबीसी, एसबीएस आणि इतरांनी मिळून आपल्या क्लिपा कोरियापुरत्या यूट्यूबवरून काढून घेतल्या आणि नेव्हर नि दाउम या देशी साइटींना दिल्या. जाहिरातीच्या पैशाचा वाटा तिथे जास्त मिळत होता. झालं असं की परदेशात बसलेल्याला एसबीएसच्या 'रनिंग मॅन' या शोची क्लिप यूट्यूबवर दिसायची आणि कोरियातल्याला दिसायची नाही. काही वर्षांनी निमूटपणे परत आले, कारण तोवर पोरं सगळी तिकडे.

कडबोळी

पेंगसूला विसरलात तर मी धाग्यावर बहिष्कार टाकीन!

ईबीएस हे शैक्षणिक चॅनेल. त्या २,५०० वॉनमधले यांना मिळतात फक्त ७०. म्हणजे पैशाच्या नावाने ठणठण गोपाळ. २०१९ च्या एप्रिलमध्ये त्यांनी एक पेंग्विन आणला, वय दहा, उंची २१० सेंटीमीटर, दक्षिण ध्रुवावरून आलेला, ईबीएसमध्ये उमेदवारी करतोय आणि सामानाच्या खोलीत एका कोपऱ्यात राहतो. मुलांसाठी केलेलं पात्र, पण डोक्यावर घेतलं ते नोकरदारांनी. कारण हा पेंग्विन चॅनेलच्या तेव्हाच्या अध्यक्षांना भर कार्यक्रमात नुसत्या नावाने हाक मारायचा, 'किम म्यॉन्ग-जुंग!' ना साहेब, ना जी. जिथे एका वर्षाने मोठ्या माणसाशी क्रियापद बदलून बोलावं लागतं तिथे हे म्हणजे काय झालं असेल विचार करा. आमच्या ऑफिसात मला एकदाच पेंगसू व्हायचंय.

रांजणगावकर

+१ कडबोळी. मी कोरियन कंपनीत आहे (नाव विचारू नका), रोज बघतो. डिपार्टमेंटचा सगळ्यात ज्युनिअर कोरियन पोरगा जेवणाच्या टेबलावर आधी सगळ्यांचे चमचे मांडतो, मग बसतो.

त्याच पोराने मला पिशिक युनिव्हर्सिटी हे यूट्यूब चॅनेल दाखवलं. त्यात मध्यमवयीन काकांच्या गिर्यारोहण मंडळाची नक्कल आहे. भडक जॅकेट, महागड्या काठ्या, टेकडी छोटी आणि सल्ले मोठे. भाषा न कळताही मी हसून लोळलो, हे तर दर रविवारी सिंहगडावर भेटणारे आपले काका! त्याला तसं सांगितलं तर त्याने सिंहगडावर न्या म्हणून धोशा लावला. नेला. काका भेटले. त्यांनी त्याला पाणी कसं प्यायचं ते शिकवलं.

हे पिशिकवाले मूळचे टीव्हीचेच विनोदवीर. केबीएसवर 'गॅग कॉन्सर्ट' नावाचा स्किटचा कार्यक्रम होता, १९९९ पासून, बरीच वर्षं रविवारी. रविवारी रात्री त्याची शेवटची धून वाजली की उद्या सोमवार म्हणून पोटात गोळा यायचा, असं आमचे कोरियन साहेब सांगतात. जून २०२० मध्ये तो बंद पडला. एसबीएसचा तसलाच त्याआधी २०१७ मध्ये गेला. परीक्षा देऊन चॅनेलवर भरती झालेले विनोदवीर रातोरात बेकार. त्यातले तिघे पिशिक. आणि २०२३ मध्ये तिथल्या टीव्ही-सिनेमाच्या बेकसांग पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट मनोरंजन कार्यक्रम म्हणून त्यांचा 'पिशिक शो' निवडला गेला. यूट्यूबच्या कार्यक्रमाला ते बक्षीस पहिल्यांदाच. त्यानंतर काही महिन्यांनी केबीएसने 'गॅग कॉन्सर्ट' पुन्हा सुरू केला, बोला आता.

अनवट

आरती ओवाळून झाली असेल तर दुसरी बाजू मांडतो.

हेच पिशिक मे २०२४ मध्ये यॉन्गयांग नावाच्या छोट्या डोंगरी तालुक्यात गेले. तिथल्या हॉटेलातलं जेवण, बेकरी, गाव, सगळ्याची टिंगल केली. तालुक्यात माणसं कमी, त्यात म्हातारी जास्त. आणि सोलचे तीन पोरगे येऊन 'इथे काहीच नाही' म्हणून हसतात. लोक खवळले. व्हिडिओ काढावा लागला, माफी मागावी लागली, तीस लाखांच्या वर असलेले सबस्क्रायबर तीस लाखांच्या खाली आले. टीव्हीवर हा भाग गेला असता का? वर चार जणांनी पाहिला असता, एकाने तरी कात्री लावली असती. तनूताई, तुमची ती एडिटिंगची खोली उचलून नेली म्हणता, पण नको म्हणणारा माणूस चॅनेलमध्येच राहिला.

तनू_तळेगाव

पटलं, पण अर्धंच. नको म्हणणारा माणूस टीव्हीत होता तेव्हाच 'प्रोड्यूस १०१' घडलं ना? प्रेक्षकांनी मतं देऊन गायकांचा ग्रुप निवडायचा, आणि एमनेट या गाण्यांच्या चॅनेलच्या पीडीने मतांचे आकडेच बदलले. नोव्हेंबर २०१९ मध्ये अटक, पुढे दोन वर्षांची कैद. केबल चॅनेलवरचा, भरपूर मजले आणि साहेब असलेल्या कंपनीतला शो होता तो.

अनवट

म्हणजे दोन्हीकडे अंधार, हे तर मीच म्हणतोय. 🙂

शिवाय 'माणसं यूट्यूबवर गेली' यातली माणसं कोण? ना यॉन्ग-सॉक गेला, किम ते-हो २०२२ मध्ये एमबीसी सोडून स्वतःची कंपनी काढून बसला, यू जे-सॉक आपल्या एजन्सीच्या चॅनेलवर मित्रांना बोलावून गप्पा मारतो. ज्यांना नाव होतं ते गेले. कोरियन शोमागे लेखिकांची फौज असते, बहुतेक बायका, बहुतेक कंत्राटी. सगळ्यात धाकटी पाहुण्यांना फोन करण्यापासून जेवणाचे डबे मागवण्यापर्यंत सगळं करते. मालिकांच्या सेटवर तर आणखी वाईट. २०१६ मध्ये टीव्हीएनच्या मालिकेवरच्या एका तरुण सहायक दिग्दर्शकाने आत्महत्या केली. कंत्राटी लोकांना कामावरून काढायचं काम त्याच्यावर ढकललं होतं. त्याच्या घरच्यांनी लढून कंपनीला माफी मागायला लावली आणि २०१८ मध्ये माध्यमकामगारांसाठी केंद्र उभं राहिलं. त्या चार रंगांतल्या चाळीस अक्षरांसाठी रात्री जागणारा एडिटर यूट्यूबवर गेल्याने आठ तास झोपायला लागला असं समजू नका.

खवट_काका

अनवट यांच्याशी पहिल्यांदाच सहमत. नोंद घ्यावी.

आता ते कॅमेऱ्यासमोर बसून डोंगराएवढं खाणारे लोक कोण, ते सांगा. नात बघते आणि मला अ‍ॅसिडिटी होते.

सुवॉनचा_शंतनू

काका, ते मुकबांग. त्याचं मूळ यूट्यूबमध्ये नाही, आफ्रिकाटीव्ही या देशी लाइव्ह साइटवर आहे. २००६ पासून चालू, २०२४ मध्ये नाव बदलून 'सूप' झालं. खंडाशी संबंध नाही. तिथे कोणीही कॅमेरा लावून बसायचं, बघणारे चॅटमध्ये बोलायचे आणि आवडलं की 'तारा-फुगा' पाठवायचा. एक फुगा सुमारे १०० वॉनचा. साइट आपला हिस्सा कापून साधारण साठ ते ऐंशी टक्के त्या माणसाला देते. एकट्या राहणाऱ्या लोकांची घरं इथे एकूण घरांच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास पोचली आहेत. जेवताना समोर कोणीतरी असावं म्हणून बघतात असं कारण नेहमी देतात, माझ्या मते अर्धे लोक निव्वळ डाएटवर असतात म्हणून बघतात.

टीव्हीने ही कल्पना २०१५ मध्ये उचलली, आणि काय उचलली! एमबीसीच्या 'माय लिटल टेलिव्हिजन'मध्ये पाच सेलिब्रिटींना पाच खोल्या दिल्या. प्रत्येकाने इंटरनेटवर आपापलं लाइव्ह करायचं, जास्त प्रेक्षक ज्याचे तो पुढे. मग त्याच चित्रीकरणावर चॅटमधले टोमणे चिकटवून टीव्हीवर दाखवायचे. नावाजलेले कलाकार चॅटच्या वेगासमोर गांगरायचे, आणि बेक जॉन्ग-वॉन हा हॉटेलांच्या साखळ्या चालवणारा माणूस साखरेच्या प्रमाणावरून चॅटवाल्यांशी हुज्जत घालत सगळ्यांना खाऊन गेला.

अवांतर: गेम खेळणाऱ्या लोकांचं ट्विच फेब्रुवारी २०२४ मध्ये कोरियातून गाशा गुंडाळून गेलं. इथे नेटवर्कचा खर्च इतर बहुतेक देशांच्या दहापट आहे म्हणे. आधी व्हिडिओचा दर्जा ७२० वर आणून पाहिला, तरी परवडेना. ते जातंय म्हटल्यावर नेव्हरने लगेच आपली 'चिजिजिक' नावाची साइट पुढे केली.

अ‍ॅड_मुग्धा

कायद्याच्या बाजूने थोडी भर घालते.

२००९ मध्ये कोरियात नियम आला की रोज एक लाखाहून जास्त लोक येणाऱ्या साइटवर लिहायचं तर खरी ओळख पटवा. यूट्यूबने ओळख तपासण्याऐवजी कोरियापुरतं व्हिडिओ चढवणं आणि प्रतिक्रिया बंदच करून टाकलं. लोकांनी सेटिंगमध्ये देश बदलला आणि काम चालू ठेवलं. २०१२ मध्ये घटनात्मक न्यायालयाने तो नियमच रद्द केला.

पण निनावी राहण्याचा गैरफायदाही झाला. 'सोजांग' नावाचं चॅनेल तरुण गायिकांबद्दल खोटंनाटं पसरवून पैसे कमवत होतं. जांग वॉन-यंग या गायिकेच्या वकिलांनी अमेरिकेतल्या न्यायालयाकडून गुगलला आदेश मिळवून चॅनेलवाल्याची माहिती काढली. जानेवारी २०२५ मध्ये इंचॉनच्या न्यायालयाने दोन वर्षांची शिक्षा दिली, ती तीन वर्षांसाठी स्थगित, पण सुमारे २१ कोटी वॉन जप्त केले. माझ्या मते शिक्षेपेक्षा ही जप्ती जास्त झोंबली असेल.

आणि तुमच्या त्या खाणाऱ्या मंडळींबद्दल: ऑगस्ट २०२० मध्ये उघड झालं की 'मी स्वतः विकत आणलंय' म्हणून दाखवलेल्या कित्येक वस्तू पैसे घेऊन दाखवलेल्या होत्या. मोठमोठ्यांनी माफीचे व्हिडिओ टाकले. १ सप्टेंबरपासून जाहिरात असेल तर ती ठळक सांगायचा नियम लागू झाला. टीव्हीवर मात्र पैसे घेऊन मालिकेत एखाद्या कंपनीचं सँडविच खाणं २०१० पासून कायदेशीर. म्हणून तर कोरियन नायक-नायिकांचं ब्रेकअप इतक्या वेळा सबवेमध्ये होतं.

आपल्याकडचा धागाही यात आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये मुंबईत खारला एक कोरियन मुलगी रस्त्यावरून लाइव्ह करत होती, तिची छेड काढली ती प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत. पोलिसांनी दोघांना पकडलं. पुढच्या वर्षी पिंपरी-चिंचवडमध्ये रावेतच्या बाजारात तसंच घडलं, तिथेही अटक झाली. दोन्ही वेळा पुरावा म्हणजे त्या त्या मुलीचाच व्हिडिओ.

रांजणगावकर

रावेतचं आठवतंय. आमच्या कोरियन साहेबांनी तो व्हिडिओ मला दाखवून काहीच न बोलता फोन खिशात ठेवला होता.

नुसताच_वाचक

पहिल्यांदाच प्रतिसाद देतोय. कोरियन टीव्ही आपल्याकडे नेटफ्लिक्सने आणला असं सगळे धरून चालतात. २००६ मध्ये दूरदर्शनवर 'घर का चिराग' नावाने राजवाड्यातल्या स्वयंपाकिणीची मालिका लागायची, ती एमबीसीची 'ज्युएल इन द पॅलेस'. हिंदीत डब केलेली. कोरियात तिचा टीआरपी ५७ टक्क्यांच्या वर गेला होता. आमच्या आजीला ती कोरियन आहे हे शेवटपर्यंत माहीत नव्हतं, 'ती डोंगराकडची मालिका' म्हणायची.

प्रश्न: एवढा टीआरपी आता तिथे कोणाला मिळतो का?

तनू_तळेगाव

@नुसताच_वाचक, आजी भारी! आता २० मिळाला तरी पेढे. २०२० मध्ये टीव्ही चोसनच्या 'मिस्टर ट्रॉट'च्या अंतिम भागाला ३५ च्या वर मिळाला, पण तो जुन्या चालीच्या गाण्यांचा, आजीआजोबांचा शो. तरुण प्रेक्षक गेला, जाहिराती गेल्या. जुन्या तीन चॅनेलांना कार्यक्रमाच्या मधोमध जाहिरात दाखवायला जुलै २०२१ पर्यंत बंदी होती. मग पठ्ठे एकाच भागाचे 'भाग पहिला', 'भाग दुसरा' असे तुकडे करून दोन कार्यक्रमांच्या मधली जागा म्हणून जाहिरात घुसवायचे. परवानगी मिळाली तोवर पाखरं उडालेली.

म्हणून आता चॅनेलं कंत्राटदार झालीत. 'फिजिकल: १००' नेटफ्लिक्सवर आला तो एमबीसीच्या पीडीने केलेला, एमबीसीवर लागलाच नाही. एसबीएसने २०२४ च्या शेवटी नेटफ्लिक्सशी सहा वर्षांचा करार करून टाकला. केबीएस मात्र अजून त्या शुल्काच्या बिलात अडकलंय. १९९४ पासून वीजबिलातून वसूल व्हायचं, २०२३ मध्ये सरकारने वेगळं केलं, २०२५ मध्ये संसदेने पुन्हा जोडलं.

अनवट

म्हणजे ज्यांचं कसब म्हणून तुम्ही धागा काढलात ते आता अमेरिकन कंपनीसाठी राबतात आणि हक्क तिच्याकडे. मुद्दा माझाच, आभार तुमचे.

तनू_तळेगाव

शोचा मालक कोण आणि शो चांगला का, हे वेगवेगळे प्रश्न आहेत ना पण! पहिल्यासाठी तुम्ही धागा काढा, मी भांडायला येते.

खवट_काका

भांडण नंतर. आमच्या हिला गुडघ्यामुळे बसून काढायचेत काही दिवस. मारामारी, किंचाळणं, ढीगभर खाणं नको. गावातलं काही आहे का?

तनू_तळेगाव

काका, 'थ्री मील्स अ डे', २०१४ चा पहिला सीझन. त्याच ना यॉन्ग-सॉकचा. दोन नट गांगवॉनमधल्या जॉन्गसॉन गावात राहतात आणि तीन वेळचं जेवण स्वतः करतात. बास. चूल पेटत नाही, पाऊस येतो, जॅक्सन नावाची शेळी आहे. मटण हवं तर पीडीकडून उधारीवर मिळतं आणि उधारी फेडायला मागच्या शेतातली ज्वारी कापून द्यायची. चिडचिड करत कणसं कापतात बिचारे.

खवट_काका

ज्वारी? कोरियात? हिचं माहेर बार्शीचं. लावून देतो, चुका ती काढेल.

कडबोळी

काकू विळा कसा धरायचा ते सांगायला लागल्या की इथे येऊन टंका. आणि पेंगसूवर कोणीच काही बोललं नाही याचा निषेध.